चिपोचं बारसं

घरात नात होती आणि तिला उचलायची चोरी होती. तुळजाबाईचं डोकं तापायला एवढं एक कारण पुरेसं होतं.

नात म्हणजे तिच्या सागरची मुलगी, चिपो. सागर एका व्यापाऱ्याचं गोदाम सांभाळायला आफ्रिकेत, झांबियाला गेला होता. बायको हेमालीही सोबत होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल काही होईना, तेव्हा दोघांनी तिथल्याच एका आश्रमातून दोन वर्षांची पोर रीतसर दत्तक घेतली आणि कोर्टाचं सगळं आटोपल्यावर दापोड्याला घरी परत आले. तुळजाबाईनं याला हूं की चूं केलं नव्हतं. उलट भावकीत कुणी पोरीच्या रंगावरून तोंड वाकडं केलं, तर "तुमच्या घरची भाकर खानार हाय का ती?" असं विचारून तिनंच त्यांची बोलती बंद केली होती. काळीभोर, दाट कुरळ्या केसांची, गुबऱ्या गालांची ती पोर गाडीतून उतरली तेव्हा तुळजाबाईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला घ्यायला हात पुढे केले. सुनेनं तिथंच खोडा घातला.

"आई, काही महिने तिला मी आणि सागरच उचलणार. भरवणं, आंघोळ, झोपवणं, सगळं आम्हीच. तुम्ही खेळा तिच्याशी, पण कडेवर घेऊ नका. आश्रमातल्या बाईंनी तसं सांगितलंय. तिला आधी आपले आईबाप कोण ते कळू दे."

"आन् मी कोन? वाटेवरची?"

"तसं नाही हो आई."

तसं नाही तर कसं, ते मात्र तुळजाबाईला कुणी समजावलं नाही. भावकीतली अर्धी पोरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली होती. त्यांतलं एकही आपल्या आईला विसरलं नव्हतं. आता आश्रमातली कोण कुठली बाई समुद्रापलीकडून हुकूम सोडणार आणि हिनं आपल्याच घरात हात मागे बांधून बसायचं! सागरकडं गाऱ्हाणं न्यावं तर तो "आये, ती सांगते तसं कर ना" म्हणून मोबाईलात डोकं घालायचा. बायकोपुढं शब्द काढायची त्याला पहिल्यापासून सवय नव्हती.

आणि गंमत अशी, की पोर स्वतः कुणाकडंही जायला एका पायावर तयार. दूधवाला आला, हात वर. शेजारची धोंडूबाई चटणीला खोबरं मागायला आली, हात वर. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाच्या पायाला तर तिनं मिठीच मारली. तोंडभर हसायची. आपटली, गुडघा फुटला, तरी रडायची नाही. उठून उभी राहायची आणि समोर जो असेल त्याच्याकडं बघून हसायची.

"पोर म्हनावी तर अशी," तुळजाबाई आल्यागेल्याला ऐकवायची. "कुनाकडं पन जाते. किरकिर म्हनून न्हाय."

धोंडूबाईला त्या केसांना हात लावायचा भारी सोस. ती आली की तिचा हात सरळ पोरीच्या डोक्यात जायचा. हेमाली "मावशी, नको" म्हणायची, धोंडूबाई फुगायची, आणि तिची समजूत काढायला जायचं तुळजाबाईनं. दिवसातून एकदा तरी हे व्हायचंच. तुळजाबाईचा जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

मग एका दुपारी ते ट्रकचं झालं. हेमाली आंघोळीला गेली होती. जाताना "आई, लक्ष ठेवा हं" असं तिनं दोनदा बजावलं होतं, त्याचाच तुळजाबाईला राग आला होता. ती ओट्यावर सुकट निवडत होती आणि चिपो समोर मातीत खेळत होती. सुकटीतला कचरा काढता काढता मान वर केली तर माती होती, पोर नव्हती. गेट उघडं. तुळजाबाई सूप टाकून धावली तर समोरच्या गोदामापाशी उभ्या असलेल्या ट्रकचा ड्रायव्हर पोरीचं बोट धरून येताना दिसला.

"अम्मा, ये बच्ची आपकी है? मेरे साथ गाडी में चढ रही थी."

चिपो त्याच्या बोटाला धरून हसत होती. त्यानं बोट सोडवून घेतलं तेव्हा तिनं तुळजाबाईपुढं हात वर केले, तसेच, अगदी तसेच.

हेमाली ओल्या केसांनी बाहेर आली. ती ओरडेल म्हणून तुळजाबाईनं चार उत्तरं तयार ठेवली होती. पण ती ओरडली नाही. पोरीला कडेवर घेऊन पायरीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगता ना, की ही कुणाकडंही जाते? तिला आपलं कुणी वाटतच नाही म्हणून जाते. तिच्या लेखी तो ड्रायव्हर, तुम्ही, मी, सगळे सारखेच. आज मी गेले आणि उद्या दुसरी बाई आली तरी तिचं काही अडणार नाही. पडल्यावर रडत नाही, कारण रडलं की कुणीतरी येतं हेच तिला ठाऊक नाही. मी तिला मुलगी मानलंय. तिनं मला आई धरलंय की नाही, ते मला कळत नाही अजून. आणि ती नाहीच धरणार की काय, या भीतीनं माझं अन्न गोड लागत नाही."

तुळजाबाईला वाईट वाटलं. पण गेट आपणच उघडं टाकलं होतं हे डाचत होतं, त्यामुळं वाईट वाटण्यापेक्षा रागच जास्त आला. "एवढा कसला विचार करतेस? पोरं आपसूक लागतात आईला," असं म्हणून ती सांडलेली सुकट गोळा करायला गेली.

त्या रागाच्या भरातच तिनं बारशाचा विषय काढला. भावकीला बोलावल्याशिवाय, पाळण्याखालून घेतल्याशिवाय पोर घरची कशी व्हायची? हेमालीनं सांगितलं की नाव तर आहेच तिला, आणि तिचं म्हणावं असं तेवढं एकच तिच्याबरोबर आलंय, ते बदलायचं नाही. "ऱ्हाऊ दे तेच नाव," तुळजाबाई म्हणाली, "पन बारसं व्हनार." खूप ओढाताण झाली आणि शेवटी सून एका अटीवर कबूल झाली: तिला कुणी उचलायचं नाही, ती माझ्या मांडीवर बसेल.

"बरं बाय, बरं," तुळजाबाई म्हणाली. पाळण्याखालून देणं म्हणजे काही उचलणं नव्हे, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. तो रिवाज होता. रिवाजाला कोण उचलणं म्हणतं?

बारशाच्या दिवशी मांडव बायकांनी भरून गेला. अकलोलीहून सागरची बहीण माधवी आली, कारण कानात नाव सांगायचा मान आत्याचा. दोन वर्षांची पोर पाळण्यात मावणार नव्हती, तरी पाळणा झेंडूनं सजवला. वरवंट्याला टोपडं घातलं, काजळाचं बोट लावलं आणि बायका पाळण्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिल्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत वरवंटा पाळण्याखालून गेला, वरून आला. हेमालीच्या मांडीवर बसलेल्या चिपोनं टाळ्या वाजवल्या. सगळ्या हसल्या. तुळजाबाईचा ऊर भरून आला.

"आता खऱ्या गोपाळाला आना!" धोंडूबाई ओरडली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं मांडीवरून पोर उचलली.

"मावशी, नको! आई, सांगा ना त्यांना!"

"एकदाच गं," तुळजाबाई सुनेकडं न बघता म्हणाली. "रिवाज हाय."

चिपो पाळण्याखालून गेली. या हातातून त्या हातात, वरून परत, पुन्हा खालून. रडली नाही. प्रत्येकीकडं बघून हसली. "काय गुनाची पोर हाय," बायका म्हणत होत्या. हेमाली उठली, पण मधे बायकांची भिंत होती.

असं फिरत फिरत पोर तुळजाबाईच्या हातांत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ज्यासाठी ती झुरली होती ते अखेर मिळालं होतं, आणि हातांत वरवंटाच आल्यासारखं तिला वाटलं. पोर ताठ झाली होती. मुठी वळलेल्या. तोंड हसत होतं, पण नजर कुणावर ठरत नव्हती आणि छाती पाखराच्या पिलासारखी धडधडत होती. मग तुळजाबाईला पोटावर ओलं, गरम लागलं. नवी साडी भिजली होती.

शेजारच्या आक्कानं हात पसरले. "दे गं, गोपाळ घ्या."

चिपोनं सवयीनं आक्काकडं हात वर केले. ती हसतच होती. आणि तुळजाबाईला ते हसणं सहन होईना. एवढ्या बायका भोवती हसत होत्या आणि ही एवढीशी पोर भीतीनं मुतली होती. अशीच हिला आजवर कुणीकुणी कुणाकुणाच्या हातात दिली असेल, आणि देणारं माणूस परत म्हणून दिसलं नसेल! आता आपणही द्यायला निघालो. तेही वाजतगाजत.

"चिपो!" भिंतीपलीकडून हेमालीची हाक आली. रडवेली, फुटलेली.

पोरीची मान वळली. आक्काकडं गेलेले हात हवेतच थांबले. आणि मग तिनं जे भोकाड पसरलं, ते ऐकून मांडवाबाहेरची माणसंही उठून उभी राहिली. आजवरचं सगळं न रडलेलं एकदम बाहेर आलं असावं. ती तुळजाबाईच्या हातांत उसळली, तिच्या पोटात लाथ मारली, गालावर ओरबाडलं, आणि दोन्ही हात हेमालीच्या दिशेनं ताणून किंचाळत राहिली.

"बघा, लाडावून ठेवलीय," धोंडूबाई म्हणाली.

"तू गप!" तुळजाबाई कडाडली. "व्हा बाजूला सगळ्या! वाट द्या तिच्या आईला!"

बायका फाकल्या. हेमालीनं पोरीला घेतलं. चिपोनं तिच्या गळ्याला अशी मिठी मारली की हेमालीला मान हलवता येईना. सून उभ्या उभ्या रडत होती आणि रडता रडता हसत होती. तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

"पन बारसं अर्धंच ऱ्हायलं," आक्का कुरकुरली. "अजून फिरवायची ऱ्हायली पोर."

"वरवंटा हाय ना? त्याला फिरवा हवा तेवढा," तुळजाबाई म्हणाली. "आन् माधवी, तू तिथंच जाऊन सांग नाव. आईच्या कडेवर. हात लावायचा न्हाय, लांबूनच वाक."

माधवीनं लांबूनच मान पुढं केली आणि हुंदके देणाऱ्या पोरीच्या कानाशी तिचंच नाव तिला सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणं आत्याच्या पाठीत धपाटे घातले, जरा जोरातच, कारण हिरमुसल्या होत्या. चिपोनं आईच्या खांद्यावरून एक डोळा उघडून ते पाहिलं आणि पुन्हा तोंड लपवलं.

पंगत बसली तेव्हा तुळजाबाई भिजल्या साडीनंच वाढत होती. गालावर नखाचे ओरखडे लाल दिसत होते. भावकीतल्या एकीनं विचारलंच, "आगो बाय, ह्ये काय झालं?"

"नातीनं काढलंय," तुळजाबाई म्हणाली, आणि सगळ्यांना दिसावं म्हणून तिनं तो गाल उजेडाकडं वळवला. "लय हट्टी पोर हाय. आईशिवाय कुनाकडं म्हनून जात न्हाय."