हात न लावायची अट

प्रयोगशाळेतल्या डेटाबेसवाल्याला सगळे ‘किल्लेदार’ म्हणत. आधी कौतुकानं म्हणत, आता सवयीनं. रुग्णांच्या तपासण्यांचा बॅकअप तोच घेई आणि काही बिघडलं की तोच परत चढवी. त्यामुळे त्याची रजा मंजूर होई ती रद्द व्हायलाच.

बायको बदली होऊन दुसऱ्या शहरात गेली, लेकही तिच्याबरोबर. हा सुट्टीला पाहुण्यासारखा जाई. बॅग ठेवतो न ठेवतो तोच लेक विचारी, “बाबा, परत कधी जाणार?” त्या प्रश्नानं त्याची जेवणावरची वासना उडे.

आता त्या शहरातल्या शाखेत जागा निघाली होती. बदलीच्या कागदावर साहेबांची सही तेवढी हवी होती. साहेबांनी अट घातली. किल्लेदाराच्या हाताखाली घेतलेल्या नव्या मुलीनं सरावाच्या सर्व्हरवर बॅकअपमधले सगळे तक्ते एकटीनं परत चढवून दाखवायचे.

“तुम्ही बाजूला बसा, पण हात लावायचा नाही,” साहेब म्हणाले. “तिला जमलं की सही. नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला देतील, माझा इलाज नाही.”

सर्व्हरशेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत एसीनं हुडहुडी भरत होती. मुलगी कामाला लागली. सुरुवात झकास झाली, आणि मग तिनं रुग्णांच्या आधी त्यांच्या तपासण्यांचा तक्ता चढवायला घेतला. मशीननं तो साफ नाकारला. ज्याची तपासणी तो माणूसच अजून आत नाही, तर ते तरी काय करणार? आधी रुग्ण, मग त्यांच्या तपासण्या. बास, एवढंच होतं.

किल्लेदारानं दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले. मुलगी ओठ हलवत पडद्यावरची लाल अक्षरं वाचत होती. साहेब मागे हाताची घडी घालून उभे होते. ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. चुकीच्या क्रमानं अडलेला तक्ता त्याला बघवत नव्हता. शेवटी ती नेमक्या ओळीवर थांबली. तिला कळलं, हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

आणि तरी त्याचा हात गेला. कीबोर्ड ओढून त्यानं दोन आज्ञा मारल्या. सगळे तक्ते सरसर चढले.

“बघा,” साहेब खूश होऊन म्हणाले, “तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही.” बदलीचा कागद त्यांनी फाइलमध्ये परत सरकवला.

ते गेल्यावर मुलगी हळूच म्हणाली, “सर, मला सापडलं होतं. टाइप करणारच होते.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

जिन्यात उभं राहून त्यानं बायकोला फोन लावला. काय बोलायचं ते जुळवलं होतं, पण तिचा आवाज ऐकून सगळं विसरला.

“नाही जमलं का त्या मुलीला?”

“जमत होतं.”

“मग?”

“मीच मध्ये हात घातला.”

बायको म्हणाली, “म्हणजे तुला कोणीच अडवलेलं नाही. मी उगाच इतकी वर्षं तुझ्या साहेबांना शिव्या घालत होते.”

त्याला खूप काही सांगायचं होतं. तेवढ्यात वरून कोणीतरी हाक मारली.

“ठेवतो,” तो म्हणाला, “बोलावतायत.”