गोवर्धनच्या दगडातलं फुलपाखरू

मॉरिशसमधल्या प्लेन दे पपाय गावच्या गोवर्धनला एखादी गोष्ट पटली की पटली; मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. १९८६ साली उसाच्या रानातले दगड वेचून ढिगावर टाकताना त्याला एका काळ्या दगडावर पांढुरकं फुलपाखरू दिसलं. दोन पंख, मधे अंग, अगदी हुबेहूब! मग काय, स्वारी हवेतच. "लाखो वर्षांचं पापियों आहे, फुलपाखरू, दगडात अडकलेलं!" म्हणत त्याने तो गावभर मिरवला. गणपतीच्या मांडवात मूर्तीशेजारी पाटावर ठेवून कुंकूही लावलं. वर जाहीर करून टाकलं, की झाकरीचा नाच सुरू होण्याआधी आपली लेक देवकी या फुलपाखरावर बोलेल. देवकी रोझ हिलच्या कॉलेजात विज्ञान शिकवायची.

दुपारच्या बसने ती आली, दगड पाहिला आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

"बाबा, हे दगडफूल आहे. दगडावर उगवतं ते. नखाने खरवडा, निघून येईल."

"खरवडू? अगं, देवाशेजारी ठेवलाय तो!"

"आपलं बेट ज्वालामुखीतून वर आलंय. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात फुलपाखरू पडलं असतं तर राखसुद्धा उरली नसती."

गोवर्धनचा पारा चढला. "म्हणजे फुलपाखरू कुठल्याच दगडात नसतं म्हण की!"

"असतं ना! पण त्याला तळ्यातला बारीक गाळ लागतो, नाहीतर झाडाचा डिंक. पंख हलके, पाण्यावर तरंगत राहतात, सहसा तळाशी जातच नाहीत. म्हणून फार थोडे सापडतात. कधी पंखावरचा नुसता एक खवला मिळतो. विलायतेत समुद्रकाठच्या दगडात एक पंख सापडलाय, एकोणीस कोटी वर्षांचा, पण तो पतंगाच्या जातीचा. पतंग आधीचे, बाबा. त्यांच्याच कुळात पुढे फुलपाखरं निपजली."

"ते राहू दे. संध्याकाळी माझं नाक कापणार आहेस का तू?"

"तुम्ही म्हणाल तर गप्प बसेन. पण खोटं बोलणार नाही."

गोवर्धनला फार लागलं. भाऊबंदांशी भांडून त्याने हिला शिकवलं होतं. 'पोरीला शिकवून काय मिळणार?' असं तेव्हा विचारणारा सत्यनारायण आज मांडवात पहिल्या रांगेत बसणार होता.

संध्याकाळी मांडव भरला. देवकी उभी राहिली आणि तिने बापाकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी वर. हट्टाला पेटल्यावर गोवर्धन स्वतः असाच दिसायचा. त्याला राग होता, तरी ऊर भरून आला.

"थांब, बाई," तो उठला. गणपतीला हात जोडून त्याने दगड उचलला आणि सगळ्यांदेखत नख लावलं. एक पंख भुरभुरून खाली पडला. मग दुसरा.

"अयो, गोवर्धन! उडालं की तुझं फुलपाखरू!" सत्यनारायण ओरडला आणि मांडव खदखदला.

गोवर्धन सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. "उडालं! माझ्या लेकीने दुपारीच सांगितलं होतं, मी गाढव, ऐकलं नाही. आता खरी फुलपाखरं कुठून आली ते ती सांगेल. तिचं बोलणं संपेपर्यंत ढोलकीला कुणी हात लावायचा नाही!"

आणि तो सत्यनारायणच्या शेजारी मांडी ठोकून बसला. त्या वर्षी झाकरी बरीच उशिरा सुरू झाली.