कौलं परतणारे दामूअण्णा

"दामूअण्णा गेले आणि चिंचणीचा सूर्य मावळला!"

असं म्हणून पंढरीशेठांनी आकाशाकडे हात केला. सूर्य तिथंच होता. चांगला कासराभर वर, आणि थेट शेठांच्या टकलावर तळपत होता. शेठांनी हात खाली घेऊन रुमालानं घाम पुसला. बायकांना वाटलं, डोळे पुसले. त्यांनीही पदर लावले.

सुगंधानं लावला नाही. नवऱ्याची शोकसभा होती, तरी ती एकटक समोर बघत होती. शेठांच्या पाठीमागे पांढरी चादर उभी ताणली होती आणि तिच्यावर दामूअण्णांचा हार घातलेला फोटो. चादर खालून वीतभर आखूड पडली होती. तिथून बांबूचे दोन पाय दिसत होते. डाव्या पायाला तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली.

"रत्नाबाई, ती शिडी आमची हाय."

"गप गं," शेजारची रत्नाबाई कुजबुजली. "लोकं काय म्हणतील?"

लोकं आजवर एकच म्हणत आली होती: अण्णा, पाऊस तोंडावर आला. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघाल्यापासून कौलं परतायला मजूर मिळेनासा झाला होता. दामूअण्णा मिळत. फुकट मिळत, आणि स्वतःची शिडी घेऊन येत. वैशाखभर ते गावाच्या डोक्यावर असत. फुटकी कौलं काढ, सरकलेली बसव, खालून कुणी "चहा घेणार का?" विचारलं की "नको" म्हण. विचारणाऱ्यालाही तेच हवं असे.

"आणि आपलं घर?" सुगंधा विचारी.

"आपलं काय, आपल्याच हातातलं हाय. आधी लोकांचं होऊ दे."

लोकांचं होईतो मृग लागे.

आता चिंतूमास्तर उठले. "अण्णा म्हणजे कुटुंबवत्सलतेचा मूर्तिमंत आदर्श!"

सुगंधाच्या ओठाचा कोपरा हलला. वत्सल होतेच. कुठल्या गळतीखाली कुठलं भांडं, हे त्यांना तोंडपाठ होतं. चुलीपाशी परात, देवापाशी तांब्या. मोठ्या धारेखाली भांडं पुरत नसे, तिथं दोन्ही पोरींच्या डोक्यावर छत्री धरून ते स्वतः बसत, उजाडेपर्यंत. सकाळी त्याच भिजल्या अंगानं बाहेर पडत. कुणाच्या तरी गोठ्याचं एक कौल सरकलेलं असे.

"कार्यरत असतानाच त्यांनी देह ठेवला," मास्तर म्हणाले.

कुठे ठेवला, ते मास्तरांनी सांगितलं नाही. पंढरीशेठांच्या गोठ्यावरून पडून ठेवला होता. अण्णांना चौघांनी घरी आणलं, शिडी मात्र शेठांकडेच राहिली. तेरावं झाल्यावर सुगंधानं धाकटीला पाठवलं होतं. "दुःखाच्या घरात शिडी कसली मागता?" असं म्हणून शेठांनी पोरीला परत पाठवलं, आणि जाताना पाठीवरून हातही फिरवला.

सुगंधाच्या घराची कौलं परतायला डोंगरपट्ट्यातला सुका नावाचा मजूर उद्या सकाळी येणार होता. एकच दिवस. परवापासून त्याचं स्वतःचं शेत. "शिडी घरची हाय ना?" एवढंच त्यानं विचारलं होतं, आणि सुगंधा हो म्हणून बसली होती.

शेठ पुन्हा उभे राहिले. या खेपेला आवाज खरंच भरून आला. "वहिनी, गावचं मंडळ तुमच्या पाठीशी आहे. अण्णांच्या नावानं वाचनालय काढू, पाणपोई बांधू. तुम्ही फक्त शब्द टाका. संकोच करू नका."

सभा तिच्याकडे वळली. रत्नाबाईनं तिचा पदर खाली ओढून पाहिला, पण सुगंधा उठलीच. एकदा फोटोकडे पाहिलं. अण्णा नेहमीसारखेच हसत होते, दुसऱ्याच्या छपरावरून हसावं तसे.

"वाचनालय नको, शेठ. पाणपोई पण नको," ती म्हणाली. "फोटो भिंतीला टेकवून ठेवला तरी चालंल. तेवढी मागची शिडी सोडून द्या."