मांडी घालता येईल असं पिस्तूल

त्र्यंबक हर्डीकरांनी पिस्तूल पँटच्या उजव्या खिशात सरकवलं, कोट उल्हासच्या हातात दिला आणि बंदुकांच्या त्या दुकानात, काचेच्या काउंटरसमोर, फरशीवर सरळ मांडी घालून बसले.

दुकानदार हॉलिस काउंटरवरून वाकून खाली बघू लागला. त्याच्याकडे नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं येत. मागे म्हणे एक पाद्री आला होता, त्याने दुकानातल्या प्रत्येक पिस्तुलाचा वास घेतला आणि एकही न घेता आशीर्वाद देऊन गेला. पण खिशात हत्यार घालून पंगतीला बसल्यासारखा बसलेला माणूस हॉलिसनेही पाहिला नव्हता.

“टोचतंय,” हर्डीकर खालून म्हणाले. “जांघेत. दुसरं काढ म्हणावं त्याला.”

उल्हासने ते इंग्रजीत सांगितलं, टोचण्याची जागा गाळून. हा उल्हास हर्डीकरांचा धाकटा मित्र, शॉमबर्गहून मुद्दाम गाडी हाकत इंडियानात आला होता. त्याच्या इलिनॉयमध्ये खिशात पिस्तूल घालून हिंडलं तर थेट तुरुंग. त्यामुळे मधुमेह झालेला माणूस शेजारच्याला जिलबीचा आग्रह करतो, तशी त्याची हौस चालली होती. महिनाभर बंदुकांची मासिकं वाचून त्याने मेरिलव्हिल येईपर्यंत गाडीत व्याख्यान दिलं होतं. हर्डीकरांनी ते ऐकून घेतलं होतं आणि शेवटी एवढंच म्हटलं होतं की, रोज बाळगायचं म्हणजे रोजचं सगळं करता आलं पाहिजे. गाडी चालवता आली पाहिजे, बर्फ ओढता आलं पाहिजे, देवापुढे मांडी घालून बसता आलं पाहिजे. हे मासिकात लिहिलंय का?

लिहिलेलं नव्हतं.

पहिलं होतं ते पंचवीस कॅलिबरचं, तळहातात झाकलं जाईल एवढं. खिशात पडलं तर किल्ल्यांचा जुडगा वाटावा. हर्डीकरांनी त्यावर नख वाजवलं, कानाशी नेलं आणि खाली ठेवलं. पोलादाच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला होता. ही जस्ताची ओतीव वस्तू आहे, म्हणाले, दाराच्या मुठीला ठीक. हॉलिसनेही प्रामाणिकपणे सांगितलं की, याची गोळी लागलेला माणूस आधी रागावतो आणि मग अंगावर येतो.

“रागावलेली माणसं आमच्याकडे आहेत तेवढी पुरेत,” हर्डीकर म्हणाले.

दुसरं, तीनशे ऐंशीचं, उल्हासच्या मनात भरलेलं होतं. चपटं, काळंभोर, कोटातून ओळखू न येणारं. पण त्याची वरची पट्टी मागे ओढायला हर्डीकरांची सांधे धरलेली बोटं पुरेनात. ओढता ओढता चेहरा लाल झाला. शिवाय आधी सुरक्षेचा खटका खाली करायचा, मग चाप ओढायचा. खिशातला कचरा आत गेला तर ऐन वेळी अडकायचं. आणि मघाशी मांडी घातल्यावर टोचत होतं ते हेच.

तिसरं निघालं ते अडतीसचं, आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. दिसायला कुबडं. चक्रामुळे खिशाला असा फुगवटा येई, की माणसाने लग्नातून लाडू पळवलाय असं वाटावं. पण त्याचा वरचा घोडा झाकलेला, त्यामुळे अस्तरात अडकायची भीती नाही, असं हॉलिस म्हणाला. खटका नाही, पट्टी नाही. दाबलं की उडतं. एखादी गोळी नाहीच उडाली तर परत दाबायचं, पुढची उडते. हर्डीकर ते घेऊन पुन्हा खाली बसले. डोळे मिटले. एवढा वेळ बसले की हॉलिसने दुसऱ्या गिऱ्हाइकाला काडतुसं मोजून दिली, तरी ते बसलेलेच.

“हे,” ते उठत म्हणाले.

हॉलिसने विचारलं, चोरी झाली का? उल्हास घाईघाईने हो म्हणाला. हर्डीकर म्हणाले, चोरी झाली नाही, आणि पैसे मोजू लागले.

जे झालं होतं ते ऑगस्टात, त्याच वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली. गिरणीने ब्याऐंशीत माणसं काढली तेव्हा हर्डीकरांनी साठवलेलं सगळं घालून हायवेवरचं एक जुनं मोटेल घेतलं होतं. त्या रस्त्यावरच्या मोटेलवाल्यांत पटेल नसलेले ते एकटेच, आणि गिऱ्हाइकं त्यांनाही पटेलच म्हणत. दुपारी काउंटरवर त्यांची बायको मीनाक्षीबाई बसत, हर्डीकर खोल्यांचं बघत. त्या दुपारी पिकअपमधून दोन पोरं उतरली. खोली नको होती. त्यातल्या लालसर दाढीच्या पोराने बाईंना विचारलं की, कपाळावरचं हे बटण दाबलं तर काय होतं. दाबून बघितलं. काही झालं नाही, तेव्हा अंगठ्याने कुंकू फरफटत पार केसांपर्यंत नेलं, अंगठा काउंटरला पुसला आणि दोघं हसत निघून गेली.

हर्डीकर दारात उभे होते. दोन्ही हातांत धुतलेल्या टॉवेलांची चळत होती. ते उभेच राहिले. एक टॉवेलसुद्धा खाली पडला नाही. पुढे कित्येक महिने त्यांना झोप लागेना ती त्या न पडलेल्या टॉवेलांमुळे.

पोलीस आला. काय चोरीला गेलं? काही नाही. कुणाला लागलं? नाही. मग काय झालं? हर्डीकर सांगू लागले की, आमच्यात ते नवरा मेल्यावर पुसतात. पोलिसाने त्यांना डोक्यापासून पायांपर्यंत नीट बघितलं आणि धीर देत म्हणाला, “पण तुम्ही तर ठणठणीत आहात, सर.”

त्या दाढीवाल्या पोराला गोळी घालायला हवी होती, असं हर्डीकर नंतर उल्हासला म्हणाले. पहिल्यांदा तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षीबाईंचं कुंकू जरा मोठं झालं. मिऱ्याएवढं होतं ते वाटाण्याएवढं झालं, गणपतीपर्यंत डाइमच्या नाण्याएवढं आणि दिवाळीत त्याहून मोठ्या क्वार्टरएवढं. उल्हास तर सांगायचा की, हायवेवरचे ट्रकवाले लांबून सिग्नल समजून ब्रेक मारतात.

परवाना आला, रिव्हॉल्व्हर आलं. त्याच्या वजनाने पँटच्या खिशाचं अस्तर आठवड्यात उसवलं. हर्डीकरांना लहानपणीची बंडी आठवली. गावाला जाताना आतून चोरखिसा शिवून देत, तसा जाड कॅनव्हासचा खिसा त्यांना हवा होता. शिवणार कोण, तर मीनाक्षीबाई. रिव्हॉल्व्हर टेबलावर पालथं ठेवून त्यांनी टेपने मोजलं, खडूने आखलं, जसं कुणाचं झबलं बेतावं. मशीन चालू झालं, मध्येच थांबलं.

“पुसलं माझं,” त्या म्हणाल्या. “राग मात्र सगळा तुमचा.”

“तुझ्यासाठीच घेतलंय ना ते?”

“माझ्यासाठी? दुपारभर इथे एकटी बसते मी. तुम्ही दोघं एवढे लांब गेलात, तीन-तीन पिस्तुलं बघितलीत, मांड्या घालून बघितल्यात. साडीत कुठे मावेल ते बघितलंत?”

बाईंनी दोरा दातांनी तोडला आणि पँट त्यांच्या अंगावर फेकली.

खिशात वजन आलं की माणसाचा आवाज चढतो, हे मासिकात नसतं. हर्डीकर बर्फाच्या मशीनवर ओरडू लागले, कपडे धुणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरवर ओरडू लागले, टीव्हीतल्या हवामानवाल्यावर तर बसल्या जागेवरून ओरडू लागले. उजव्या बाजूला ते किंचित कलले होते. आंघोळ सोडून रिव्हॉल्व्हर अंगावेगळं होत नसे. प्रत्येक पिकअपचा आवाज आला की हात खाली जाई. लालसर दाढीचे इतके लोक इंडियानात आहेत, हे त्यांना आधी माहीतच नव्हतं. त्यांच्यातल्या एकेकाला त्यांनी मनातल्या मनात मारलं होतं. काहींना दोनदा.

जानेवारीत मीनाक्षीबाईंनी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. नेपरव्हिलच्या बायका येणार होत्या, शॉमबर्गच्या येणार होत्या. सकाळपासून असं बर्फ सुरू झालं, की दुपारपर्यंत समोरच्या पेट्रोलपंपाची पाटीसुद्धा दिसेना. एकामागून एक फोन आले, सगळ्यांनी यायचं कॅन्सल केलं. बाई नेसलेल्या जरीच्या साडीतच ऑफिसात येऊन बसल्या. काउंटरवर हळदीकुंकवाचा करंडा, तिळाच्या वड्यांचं ताट. शेजारी हर्डीकर हवामानवाल्याला शिव्या देत उभे.

दार उघडलं आणि बर्फाबरोबर एक बाई आत आली. साठीची, बारीक, पुरुषी कोट घातलेली. ओठ निळे पडलेले. तिच्यामागून तिची बॅग घेऊन एक पोरगा आला. दाढी काढलेली होती, तरी हर्डीकरांनी त्याला ओळखलं. त्यानेही ओळखलं, कारण तो उंबऱ्यातच थांबला.

हर्डीकरांचा उजवा हात काउंटरखाली गेला. चोरखिशात नीट बसला. इतके महिने मनात चाललेलं सगळं आता अगदी सोपं दिसत होतं.

बाई सांगत होती की, घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडलीय, पाइप फुटलेत, रस्ता पुढे बंद आहे. खोली मिळेल का? पोरगा मागून म्हणाला, मॉम, दुसरीकडे बघू. दुसरीकडे कुठे रे, ती म्हणाली, मला बोटं जाणवत नाहीयेत.

मीनाक्षीबाई उठल्या. पोराकडे त्यांनी एकदाच बघितलं. मग करंडा उचलून काउंटरच्या बाहेर गेल्या. आमच्यात आज घरी आलेल्या बाईला हे लावतात, असं त्यांनी तिला इंग्रजीत सांगितलं, लावू का? बाईने थकून हसत टोपी मागे सारली. नवऱ्याला असलं काही बघायची फार हौस होती, म्हणाली. गिरणीत होता तो. गेल्या हिवाळ्यात गेला.

मीनाक्षीबाईंचं बोट हवेत थांबलं. करंगळीएवढं अंतर राहिलं होतं. हर्डीकरांना ते थांबणं कळलं. त्यांच्या आईचं, आत्याचं, सगळ्या घराचंच ते थांबणं होतं. मग बोट पुढे गेलं आणि त्या पांढऱ्या कपाळावर त्यांनी कुंकू लावलं. वाटाण्याएवढं, गोल, नीट.

“छान वाटतंय,” बाई म्हणाली. “याचा अर्थ काय असतो?”

“तुमच्या मुलाला विचारा,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “त्याला माहीत आहे.”

बाई वळली. कपाळावर ते लाल घेऊन तिने मुलाकडे बघितलं. “तुला माहीत आहे?”

पोराच्या मानेपासून कानांपर्यंत रंग चढला. त्याचा हात जाकिटाच्या खिशात गेला. हर्डीकरांचं रिव्हॉल्व्हर काउंटरखाली अर्धं बाहेर आलं. बोट चापावर गेलं. अस्तरात काही अडकलं नाही. हॉलिस खरं बोलला होता.

पोराचा हात खिशातून बाहेर आला. रिकामा. तो त्याने तोंडावरून फिरवला, आणि मग त्या हाताचं काय करावं हे त्याला सुचेना.

“नाही,” तो म्हणाला. “मला काही माहीत नव्हतं.”

त्याच्या आईला ते उत्तर कळलं नाही. ती तिळाची वडी घ्यायला वळली. मीनाक्षीबाईंना कळलं, पण चेहरा बदलला नाही. त्या काउंटरमागे परत आल्या, नवऱ्याच्या अगदी शेजारी, आणि खाली बघितलं. जे दिसलं ते बघून त्यांच्या नाकपुड्या फुलल्या.

“खोली चार,” त्या मराठीत म्हणाल्या. “तिथला हीटर चांगलाय. किल्ली द्या त्याला.”

हर्डीकर पोराच्या चेहऱ्यावरची नजर न काढता चाचपडले. डाव्या हाताने खुंटीवरून किल्ली काढली आणि काउंटरवरून पुढे धरली. पोराने घ्यायला हात केला.

मीनाक्षीबाईंनी मधेच नवऱ्याचं डावं मनगट धरलं. घट्ट.

“उजव्या हाताने द्या,” त्या म्हणाल्या.