सगळेच एकोणचाळीस

“वय सांगा, भिवाजी.”

“एकोणचाळीस.”

“अन् तुमचा पोरगा?”

“त्याले चौतीस चालू हाय.”

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या सौसरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्या दिवशी चाळिशी ओलांडलेला एकही माणूस सापडेना! हिरामणनं तर मिशासुद्धा काळ्या करून आणल्या होत्या.

मी इथला टाइमकीपर. कामगारांचे नवे कायदे येणार, येणार म्हणत कितीतरी वर्षं गेली. दर खेपेला मी नियम पाठ करायचो आणि तारीख पुढे जायची. शेवटी आले ते एकदम, आणि वर रोज मोबाइलवर नवा खुलासा. डोक्याचा नुसता भुगा! त्यातली एकच गोष्ट मला मनापासून आवडली होती. चाळिशीपुढच्या कामगाराची दरवर्षी फुकट तपासणी. आणि हे शहाणे वय चोरत होते.

“अहो, तुमच्याच भल्याचं हाय! कायले लपवून राहिले?”

“शेठ मशीन तपासते तवा काय करते, बाबू?” भिवाजी खोकत म्हणाले. “जुनी निंगाली का भंगारात.”

“असं कसं? कायदा हाय. अन् मी हावो ना!”

माझ्या शब्दावर ते तपासणीला गेले. डॉक्टर म्हणाले, छातीत कापसाची धूळ बसली आहे, यांना धुळीत ठेवू नका. मी शेठना म्हटलं, गेटवर बसवू.

“गेटवर माणूस आहे. उद्यापासून बोलावू नको.”

“शेठजी, असं काढता येत नाही!”

“काढून कोण राहिलं? सीझनचा माणूस. बोलावला नाही, बस.”

कामगार खात्यातल्या ओळखीच्या कारकुनाला फोन लावला. तो म्हणाला, “हम भी अभी पढ़ ही रहे हैं, भाईसाहब.” असा संताप आला की मोबाइल आपटावा!

सकाळी भिवाजी डबा घेऊन हजर. मी त्यांना शेठचा निरोप सांगितला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“खोकला तं घरी बी येईन, बाबू,” ते एवढंच म्हणाले. “काम कुठून येईन?”

मग मला विचारून ते आत गेले. त्यांच्या मशीनवर नवा माणूस उभा होता. भिवाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून झटकला आणि त्याच्या हातात दिला.

“नाकाले बांधत जाय,” म्हणाले. “म्या नाही बांधला.”