पाय गप्प झाला तेव्हा

"आईला सांगायचं नाही हं, दुखतंय म्हणून. ती मग रात्र रात्र जागी बसते."

पाठुंगळीवर घेतलेल्या लेकाला वडील चालता चालता म्हणाले होते. पोलिओने वाळलेला त्याचा डावा पाय त्यांच्या कमरेशी लोंबत होता. वडील गेले, आई गेली, लेकाचे केस पिकले. तो आवाज मात्र कानातून हलला नाही. हार्मोनियम दुरुस्त करता करता तो साऱ्या गल्लीचा पेटीमामा झाला. पाय कसा आहे विचारलं, की एकच उत्तर : "मजेत!"

आता घसरून त्याच पायाचा खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली होती. उशाशी बायको, समोर संशोधन करणारी डॉक्टरीण.

"मामा, शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. आत्ता किती?"

"दोन."

"तुमचा घाम तर वेगळंच सांगतोय."

"घाम काय, लबाड असतो."

बायकोने टॉवेल पिळला. "हे असेच हो! बोटावर हातोडी पडली तरी विचारतील, हातोडीला लागलं नाही ना?"

डॉक्टरीण स्टूल ओढून बसली. "हे अफूच्या जातीचं औषध आहे, मामा. दुखणं शमवतं, पण श्वासही मंद करतं. आणि पोलिओने तुमची छाती आधीच दुबळी केलीय. तुमच्यासारख्यांना किती दिलं तर दुखणं जाईल आणि श्वासही टिकेल, तेच शोधतोय आम्ही. तुम्ही दोन म्हणालात, तर मी थोडंच देणार. आणि तुमच्यावरून पुढच्या माणसालाही थोडंच."

पुढचा माणूस. तोही कुणाच्या तरी पाठुंगळीवरच वाढला असेल. बायकोकडे न बघता मामा पुटपुटला, "आठ."

बायकोच्या हातातला टॉवेल थांबला.

औषध हळूहळू नळीतून उतरू लागलं. डॉक्टरीण त्याच्या छातीवर नजर लावून बसली. "भाता जुना आहे बाई, जपून," मामा म्हणाला.

आणि मग ते झालं. पेटीत कधी कधी एखादा सूर अडकतो आणि पट्टी न दाबताही वाजत राहतो. तसा एक सूर त्याच्या अंगात जन्मभर वाजत आला होता; इतका, की त्यालाच तो शांतता समजत होता. तो थांबला. आधी खुब्यातून, मग गुडघ्यातून, मग पार बोटांपर्यंत. नळ ठिबकताना ऐकू आला. बायकोचा श्वास ऐकू आला. त्याचे डोळे भरून आले.

"असं असतं होय?"

"काय असं?"

"तुम्हा लोकांचं अंग. इतकं... गप्प?"

बायको त्याच्याकडे वाकली. "अहो, म्हणजे हे पडल्यापासूनचं नाही? आधीपासून दुखायचं?"

त्याने तिचा ओला हात धरला.

"आपल्या लग्नातही दुखत होता गं."