उरलेलं एक औषध

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टचा कागद पुढे सरकवला आणि पाणीवाल्यानं तो वाचायला घेतला. चौदा वर्षं तो पोल्ट्रीत कोंबड्यांच्या पाण्याच्या टाकीत औषधं मिसळत होता, म्हणून सगळे त्याला पाणीवालाच म्हणत. इंग्रजी त्याला पाकिटांवरची नावं वाचण्यापुरतंच येत होतं. आज तेवढंच नडलं.

त्याची सहा वर्षांची पोर ठमी आठ दिवस तापानं फणफणली होती. आधी जुलाब, मग जंतू रक्तात उतरले. खाण्यापिण्याची चौकशी झाली तेव्हा त्याच्या बायकोनं सांगून टाकलं, की माल विकला गेला की मालक एक कोंबडी घरी देतात, ती आपण कापली आणि फळी न धुता तिच्यावरच पोरीसाठी काकडी चिरली. सांगता सांगता ती रडायला लागली. तिला बोल लावायला त्याला तोंड कुठे होतं?

कागदावर सात औषधं होती आणि सहांपुढे लागू न पडल्याच्या फुल्या. सहाही त्याच्या हातून गेलेली. कुठलं पिवळं, कुठल्याचा वास दोन दिवस बोटांना राहतो, हे त्यानं झोपेतही सांगितलं असतं. कोंबड्या ठणठणीत असल्या तरी घालायचं, वजन लवकर भरतं म्हणून.

"ही औषधं ठमीला कधी दिलीच नाहीत हो," बायको म्हणाली.

"मी दिलीत," तो म्हणाला. "कोंबड्यांना."

बाईंनी फुल्यांवर बोट ठेवलं. "जंतू तिथेच या औषधांना निर्ढावले. आता हे सातवं तेवढं उरलंय. आजपासून सुरू करतोय."

सातवं नाव त्यानं दोनदा वाचलं. त्या नावाचा सीलबंद खोका सोमवारीच शेडवर आला होता.

व्हरांड्यात येऊन त्यानं मालकाला फोन लावला. नोकरी गेली तर गेली. "मालक, तो नवा खोका उघडू नका. माझ्या पोरीला तेवढं एकच औषध लागू पडतंय. पाया पडतो तुमच्या."

मालक हळहळले. माणूस वाईट नव्हताच. "अरे, आधी सांगायचंस ना. तू दवाखान्यात, तुझं काम अडायला नको, म्हणून सकाळी मीच टाकीत मिसळलं."

तो आत आला. बेसिनशी उभं राहून त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. ठमीनं झोपेतच हात पुढे केला होता. त्यानं तो धरला नाही. तिची चादर तेवढी नीट केली.